अठराच सांग

मोह गळायला लागला की माझी शाळा ओस पडते. फाल्गुन सरता सरता एका सकाळी मी घंटा देतो आणि वर्गात दोन-तीनच पोरं येऊन बसतात. बाकीची टोपल्या घेऊन झाडांखाली. तपासणीला येणारे साहेब दर वर्षी भुवया चढवतात आणि मी दर वर्षी तेच सांगतो, "मोहाचे दिवस आहेत साहेब." ज्या घरात पावसाळ्यात खायला हीच वाळलेली फुलं असतात, त्या घरातल्या पोराला या दिवसांत पाढे म्हणायला बसवणं मला जमत नाही.

हवेत दोन वास असतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, त्याचा कडवट धूर. आणि त्यात मिसळलेला फुलांचा गोड, किंचित आंबूस वास, जो उन्हं चढली की जड होत जातो, आणि दुपारी तर घशात उतरतो. आमच्या डोंगरात लहान मूल या वासातच चालायला शिकतं. माझी बायको मात्र फुलं घरामागे वाळत घालते, पुढच्या अंगणात नाही. मी तिला तसं कधी सांगितलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात मी जेवताना उठून बाहेर गेलो होतो, तेवढ्यावरून ती समजली.

माझ्या आयुष्यातले तीन मोहाचे हंगाम मी पाहिले नाहीत. त्यांतला पहिलाच मला सगळ्यांत जास्त आठवतो.

मागच्या मोठ्या लढाईची गोष्ट. मी पंधरा वर्षांचा होतो. नवापूरच्या पुढे, गुजरातच्या अंगाला आमचं गाव. मिशनच्या शाळेत मला मराठी वाचायला येऊ लागलं होतं आणि मास्तर होण्याचं वेड तेव्हाच डोक्यात शिरलं होतं. त्या थंडीत भरतीवाले गावोगाव फिरत होते. आमच्या घरातून त्यांनी माझा थोरला भाऊ देवजी निवडला. देवजीची बायको पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. देवजी पळाला. सरहद्दीपलीकडच्या जंगलात शिरला तो दिसेनाच. तेव्हा त्यांनी बाबांना नेऊन चौकीच्या ओट्यावर बसवलं. मारलं नाही, बांधलं नाही. घरातून एक जण आला की म्हाताऱ्याला सोडू, एवढंच सांगितलं. बाबांना दमा होता. थंडीत उघड्यावर बसून त्यांचा श्वास इतका वाजायचा, की याहा भाकर घेऊन गेली तेव्हा तिला तो रस्त्यावरूनच ऐकू आला.

याहा म्हणजे आई. आम्ही घरी भिलीत बोलतो. इथे मी शाळेच्या मराठीत लिहितोय, पण तिची हाक मराठीत कशी आणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला अंगणात उभं केलं.

"तुझं वय किती?"

"पंधरा."

तिने माझ्या तोंडात मारली. त्याआधी तिने माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मी रडलोसुद्धा नाही, इतका चकित झालो.

"तुझं वय किती?"

मी गालावर हात धरला.

"अठरा," ती म्हणाली. "अठराच सांग. जमादाराने विचारलं, साहेबाने विचारलं, पाद्रीसाहेबाने विचारलं, तरी अठरा. तू पंधरा म्हणालास की ते पुन्हा देवजीला शोधतील आणि बाबा त्या ओट्यावर मरतील. कळलं? किती?"

"अठरा."

शाळेत आम्ही पाढे म्हणायचो तसं तिने माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. मग मला जवळ ओढलं आणि माझं तोंड आपल्या पोटाशी इतकं घट्ट दाबून धरलं, की मला श्वास घेता येईना.

चौकीवरचा भरतीचा जमादार नंदुरबारकडचा होता. त्याने मला खालून वर पाहिलं आणि याहाला विचारलं, "उमर कितली शे यानी?"

"अठरा."

"अठरा? मिशी ते फुटी नही अजून."

"आमच्यात मिशा उशिरा फुटतात," याहा म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही.

जमादार हसला. त्याला माणूस हवा होता, मिशी नव्हे. बाबांना उठवलं. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि मी तिथे कशासाठी आलोय हे त्यांना तेव्हा कळलं. ते काही बोलले नाहीत. दम्याने बोलू दिलं नाही असं मी इतकी वर्षं समजत आलोय.

त्यानंतरचं सगळं माझ्या आठवणीत तुकड्यांनी आहे. आगगाडीच्या खिडकीतून मागे जाणारे आमचे डोंगर. मुंबईच्या धक्क्यावरचा दर्प. बोटीच्या पोटात एकमेकांच्या अंगावर ओकणारी माणसं. मग बसऱ्याचा किनारा, खजुरीची झाडं, आणि त्यांच्या पलीकडे काहीच नाही. डोंगर नाही, टेकडी नाही, साधा उंचवटासुद्धा नाही. डोंगरातल्या पोराला सपाट जमिनीची भीती वाटते हे मला तिथे कळलं. कुठेच लपता येत नाही, कशाला पाठ टेकता येत नाही.

मला बंदूक दिली नाही. डोलीवाल्यांच्या तुकडीत टाकलं. जखमी शिपायाला कापडी डोलीत घालून चौघांनी खांद्यावर उचलायचं आणि मागे, नदीकाठी आणायचं. नदीच्या वरच्या अंगाला एक गाव होतं. आपलीच फौज त्यात शत्रूच्या वेढ्यात अडकलेली. आतली माणसं घोडे मारून खाताहेत असं ऐकू यायचं. त्यांना सोडवायला आमची फौज पुन्हा पुन्हा पुढे जायची, पुन्हा पुन्हा मार खायची. आणि प्रत्येक वेळी मग आम्हांला बोलावणं.

ते दिवस बरोबर मोहाचे. इकडे पाचोळा जळत असेल तेव्हा तिकडे वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळून नदी फुगली होती. वरून पाऊस, गारा. चिखल असा, की पाय घातला तर बूट आतच राहायचा. आमच्या शेतातला चिखल मला ठाऊक होता, रोवणी करताना त्यात पाय रुतले की बरं वाटतं. हा चिखल तसा नव्हता. तो पिठासारखा बारीक, डिंकासारखा चिकट, आणि त्यात काय काय मिसळलेलं होतं ते पायाला कळायचं.

डोलीच्या चौघांत मी सगळ्यांत बुटका. बाकी तिघांच्या खांद्यापेक्षा माझा खांदा वीतभर खाली. त्यामुळे डोली माझ्या कोपऱ्याला कलायची आणि जखमी माणूस हळूहळू माझ्या बाजूला घसरत यायचा. त्याचं रक्तही माझ्याच बाजूला यायचं. कापडातून पाझरून माझ्या मानेवर, तिथून सदऱ्यात. गरम असायचं. थंडीत कुडकुडताना ते गरम लागायचं आणि बरं वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या शेजारच्या दांडीला हिंमत होता. म्हसावदचा, चाळिशीचा, दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. तोंडाने बडबड्या. पहिल्याच खेपेला तो ओरडला, "पोऱ्या, खांदा वर कर ना रे! साहेब तुन्हाकडे घसरी ऱ्हायना."

"वरच आहे," मी म्हणालो.

त्याने वळून पाहिलं. खेप संपल्यावर विचारलं, "कितला वरीसना शे तू? खरं सांग."

"अठरा."

"मन्हा धाकला बारा वरीसना शे, तो तुन्हापेक्षा उच्चा शे."

त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कांबळ्याचा एक तुकडा फाडून त्याची घडी केली आणि माझ्या खांद्यावर सुतळीने बांधली. डोली सरळ झाली. त्याला त्या थंडीत आखूड कांबळ्यात झोपावं लागलं. पाय उघडे राहायचे. मी त्याच्या पायाशी आडवा झोपू लागलो. माझ्या अंगाने त्याचे पाय झाकले जायचे.

आता पुन्हा लढाई सुरू आहे. नवापूरच्या बाजारात भरतीवाले येतात, त्यांच्या मोटारीवर कर्णा लावलेला असतो. माझ्या वर्गातली मोठी पोरं बाजारातून परत आली की मैदानात छाती काढून पावलं टाकतात. मी ओसरीवरून बघतो. लढाईत काय असतं असं ती विचारतात. मी म्हणतो, चिखल. ती हसतात. चिखलाला कोण घाबरतं? इथे दर पावसाळ्यात असतो.

हिंमतला गोळी लागली ती दुपारी. आम्ही रिकामी डोली घेऊन पुढे निघालो होतो. तो एकदम खाली बसला, जणू पायात काटा मोडला. पोट धरलं होतं. आम्ही त्यालाच डोलीत घातलं. आता खांदे तीनच उरले. दोघे पुढे झाले आणि मागच्या दोन्ही दांड्या मी एकट्याने धरल्या, खांद्यावर नाही तर हातात, कमरेपाशी. त्याचं डोकं माझ्याकडे आलं.

"पोऱ्या, मन्हं डोकं तुन्हा बाजूले कसाले ठेवं?" तो म्हणाला. "सगळं रक्त डोकामा उतरी जाई ना."

मी हात वर उचलायचा प्रयत्न केला. दांड्या छातीपर्यंत आल्या आणि पुन्हा खाली गेल्या. नदीपर्यंतची वाट मला आठवत नाही. माझ्या हातांना आठवते. अजून थंडीत बोटं मिटत नाहीत, खडू धरताना त्रास होतो.

नदीकाठी शेकडो माणसं चिखलात निजवलेली होती. जखमींना न्यायच्या बोटी भरून गेल्या होत्या, रिकामी बोट कधी येईल कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर दोन आणि माणसं एवढी. हिंमतला आम्ही एका पालाच्या कडेला ठेवलं. दुसरे दोघे दुसरी डोली आणायला गेले. मला कुणी हाकललं नाही म्हणून मी तिथेच बसलो. माशा फार होत्या. मी हाताने वारा घालत होतो.

"आठे कितला चिखल शे," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "आनि तठे म्हसावदले आते धूळ उडी ऱ्हायनी व्हई."

"हो," मी म्हणालो. "आमच्याकडे मोह गळत असेल."

"गोड ऱ्हास ना रे तो?"

"ताजा गोड असतो. वाळला की जास्त गोड."

तो काहीतरी आणखी बोलला ते मला कळलं नाही. संध्याकाळी बोट आली तेव्हा खलाशाने त्याच्या नाकाशी हात धरला आणि पुढच्या माणसाकडे गेला. मी त्याच्या मागे धावलो. त्याच्या सदऱ्याला धरून मी काय बोलत होतो? मराठी, भिली, जे तोंडाला येईल ते. त्याला आमच्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. दुष्टपणाने नाही, सवयीने.

त्यानंतर मी खांद्यावरची घडी सोडली नाही, झोपतानाही. जेवण उतरेना. पालात इतर लोक झोपले की मी मोहाच्या झाडाचा विचार करायचो. आमच्या घरामागच्या झाडाखाली याहा वाकून फुलं वेचतेय, पुढे सरकतेय, पाठ दुखली की कमरेवर हात ठेवून उभी राहतेय. ती वळून बघेल असं वाटायचं. मला घरी जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. लढाई कुणी जिंकावी, वेढ्यातली माणसं जगावीत की मरावीत, मला काही घेणं नव्हतं. मी मनातल्या मनात प्रभूला म्हणायचो, मला ताप येऊ दे, माझा पाय मोडू दे, पण इथून ने.

अशा दिवसांत एकदा मला डॉक्टरांच्या पालात बोलावलं. पुण्याकडचे होते ते, चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे झोपेअभावी लाल. त्यांनी मला स्टुलावर बसवलं. तोंड उघडायला लावून दात पाहिले. हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे वळवला.

"नाव?"

"रतन."

"रतन, तुझ्याबद्दल वरून विचारणा आलीय. खरं वय किती तुझं?"

वरून म्हणजे कुठून? जमादाराला कळलं? बाबांना पुन्हा चौकीवर नेलं? देवजी सापडला? अंगणात उभी राहिलेली याहा मला समोर दिसली, तिचा तो हात दिसला.

"अठरा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघ बाळ, मी तुला काही करणार नाही. तू लहान आहेस हे मला दिसतंय. पण मला दिसून भागत नाही, तुझ्या तोंडून यायला हवं. तू खरं सांग, पुढच्या बोटीने मी तुला घरी पाठवतो."

घरी. तो शब्द त्यांनी मराठीत म्हटला होता आणि कितीतरी दिवसांनी मी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. मी पंधरा म्हणालो असतो तर? बोट, मुंबई, गाडी, नवापूरचं स्टेशन. आणि स्टेशनातून बाहेर आल्यावर ओट्यावर बसलेले बाबा, श्वास वाजतोय. दोरीने बांधून आणलेला देवजी. दारात उभी वहिनी.

"अठरा," मी म्हणालो.

"तू ख्रिस्ती आहेस ना? देवाला स्मरून सांगतोस?"

"अठरा, साहेब."

डॉक्टर उठले, बादलीतल्या पाण्यात हात धुतले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "जा."

मी बाहेर आलो. ऊन पडलं होतं. पालाच्या मागे जाऊन मी चिखलात बसलो आणि तोंडात सदरा कोंबून रडलो. तरी त्या रडण्यात थोडा अभिमान होता. मी घर वाचवलं असं मला वाटत होतं.

वेढ्यातलं गाव पुढे पडलं. आतली फौज शरण गेली. ज्यांच्यासाठी हिंमत मेला, आणि ज्यांची मी मोजदादही करू शकत नाही ती सगळी माणसं मेली, त्यांना कुणी सोडवू शकलं नाही. बातमी आली तेव्हा आमच्या तुकडीत एकाने चहाचं आधण ठेवलं. उन्हाळा आला, चिखल वाळून भेगा पडल्या, पटकी आली. मी मेलो नाही. का, ते मला ठाऊक नाही. पुढे दुसऱ्या तळांवर, दुसऱ्या नद्यांवर मी डोली वाहिली. मधल्या काळात उंची वाढली आणि एक दिवस घडीची गरज उरली नाही.

परत आलो तेव्हा मी खरोखरच अठरा वर्षांचा झालो होतो. नवापूरला गाडीतून उतरलो तर फलाटावर देवजी उभा होता. त्याने माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पुढे चालू लागला. स्टेशनाबाहेर आल्यावर म्हणाला, "याहा नाही." मानमोडीच्या तापाची साथ आली होती. आधीच्या थंडीत आमच्या पाड्यातली निम्मी घरं रिकामी झाली. याहा गेली, तिच्यामागे आठवड्यात बाबा. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. देवजीही बसला. समोरून बैलगाड्या जात होत्या.

पुढचं मला वहिनीने सांगितलं. देवजीने कधीच सांगितलं नसतं. मोहाचेच दिवस होते, ती फुलं वेचत होती, मी टोपली धरून तिच्या मागे चालत होतो. ती वाकलेलीच होती, माझ्याकडे न बघता बोलत गेली.

मी गेल्यावर थोड्याच दिवसांत तिला मुलगी झाली. देवजी जंगलातून परत आला. भरतीवाल्यांची गरज भागली होती, त्याला कुणी विचारलं नाही. बाबा घरी होते. घर सावरलं. आणि मग याहाला झोप येईना. ती पाद्रीसाहेबांकडे गेली, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, माझा मुलगा पंधराचा आहे, मी खोटं बोलले, त्याला परत आणा. पाद्रीसाहेबांनी वर अर्ज केला. तीच ती विचारणा. तिचीच.

वहिनी हे सांगत होती आणि माझ्या हातातली टोपली कलत गेली. फुलं खाली सांडली.

"उत्तर आलं का ते बघायला ती नंदुरबारला गेली," वहिनी म्हणाली. "रुळांच्या कडेने चालत. मी सोबत होते, पोर पाठीशी बांधून."

कचेरीतल्या बाबूने कागद काढला, वाचला आणि सांगितलं, "बाई, तुझा मुलगा स्वतःच म्हणतो मी अठराचा आहे. देवाची शपथ घेऊन म्हणतो. आता आम्ही काय करणार?"

याहा हात जोडून उभी होती. ती म्हणाली, "ते मीच त्याला शिकवलंय, साहेब. तो माझं ऐकतो. त्याला एवढं कळवा, आईने आता पंधरा सांगायला सांगितलंय."

बाबूने हसून कागद बाजूला ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. याहा तिथून हलली नाही. कचेरीच्या पायरीवर बसली. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला ती विचारत होती, निरोप गेला का? वहिनीने उठवायचा प्रयत्न केला तर म्हणाली, थांब, पोराला कळलं का तेवढं बघू, मग जाऊ. दिवस मावळेपर्यंत ती त्या पायरीवर बसून होती.